छोट्या जागेतली मैफल आणि स्वतःची गाणी गाणारा कलाकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक गिटार, एक माइक, एक उंच स्टूल आणि हाताच्या अंतरावर बसलेले पन्नास-शंभर श्रोते. अशा मैफलीला पहिल्यांदाच निघालेली मंडळी मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरीच वर्षं मी अशा ठिकाणी श्रोता म्हणून बसतो आहे. अधूनमधून खुर्च्या मांडायला आणि दारात तिकिटं तपासायलाही उभा राहिलो आहे. जिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

सिंगर-साँगरायटर म्हणजे नेमकं कोण?

मराठीत गीतकार, संगीतकार आणि गायक हे तीन वेगळे शब्द आहेत, आणि बहुतेक गाण्यांमागे खरोखरच तीन वेगळी माणसं असतात. सिंगर-साँगरायटर या तिन्ही जागी एकटा असतो. शब्द त्याचे, चाल त्याची, गळा त्याचा, आणि बहुतेकदा साथीचं वाद्यही त्याच्याच हातात. ऐकताना याने मोठा फरक पडतो. दुसऱ्याचं गाणं गायक कितीही समरसून गायला, तरी तो त्या शब्दांचा अर्थ लावत असतो. इथे समोरच्या माणसाला तो शब्द कुठून आला हे ठाऊक असतं. एखाद्या शब्दाआधी तो क्षणभर रेंगाळतो, तेव्हा ती जागा त्याने चालीसाठी सोडली की त्या आठवणीसाठी, हे ओळखता येत नाही. मला या मैफलींची ओढ लागली ती इथेच.

मात्र प्रत्येक गाणं आत्मचरित्र असतं असं धरून चालू नका. कित्येक गाणी कल्पित पात्रांच्या तोंडी असतात आणि गाण्यातला ‘मी’ बऱ्याचदा गाणाऱ्यापेक्षा वेगळा असतो.

‘छोटी जागा’ म्हणजे किती छोटी?

अमेरिकेत नॅशव्हिलला ब्लूबर्ड कॅफे आहे. 1982 साली सुरू झालेली ही जागा, दुकानांच्या एका साध्या रांगेत, जेमतेम 90 खुर्च्यांची. गाणी लिहिणाऱ्यांच्या जगात तिचं नाव फार आदराने घेतलं जातं. 1985 पासून तिथे ‘इन द राउंड’ हा प्रकार रुजला: तीन-चार गाणी लिहिणारे खोलीच्या मध्यभागी एकमेकांकडे तोंड करून बसतात, आळीपाळीने आपापली गाणी गातात आणि श्रोते त्यांच्या भोवती बसतात. न्यू यॉर्क राज्यात सॅराटोगा स्प्रिंग्जला कॅफे लीना 1960 पासून चालू आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाचं मॅककेब्ज हे तर मुळात गिटारचं दुकान. दिवसा तिथे गिटारी विकल्या जातात आणि कार्यक्रमाच्या रात्री मागच्या खोलीत, भिंतींवर टांगलेल्या गिटारींच्या मधे श्रोते बसतात.

अशी गाजलेली नावं सोडा. पुस्तकांच्या दुकानाचा वरचा मजला किंवा कुणाच्या तरी घरातली बैठकीची खोलीसुद्धा चालते. आकडाच हवा असेल तर दीडशे-दोनशे माणसांपर्यंतची जागा मी छोटी म्हणेन. पण माझी खरी कसोटी वेगळी आहे: गाणाऱ्याला शेवटच्या रांगेतल्या माणसाचा चेहरा दिसतो का? दिसत असेल, तर ती मैफल छोटी.

गाणी आधी ऐकून जावं का?

तीन-चार ऐका, सगळी नको. ओळखीचं गाणं समोर उलगडताना ऐकण्यात आनंद असतोच. पण जे गाणं तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकणार आहात, ते लिहिणाऱ्याच्याच तोंडून चार हातांवरून ऐकायला मिळणं हा योग पुन्हा यायचा नाही. तो घरच्या स्पीकरवर आधीच खर्च करू नका.

एक अपवाद. गाण्यांची भाषा तुमच्या सरावाची नसेल तर शब्द आधी वाचून जा. या प्रकारात अर्धं गाणं शब्दांत असतं. गाताना स्वर लांबतात, व्यंजनं बुडतात आणि परक्या भाषेतला शब्द हातातून निसटतो. एकदा वाचलेलं असलं की कान तो बरोबर पकडतो.

आधी गाणाऱ्या अनोळखी कलाकाराला चुकवलं तर चालेल का?

चुकवू नका. 1961 च्या सप्टेंबरमध्ये न्यू यॉर्कच्या गर्डीज फोक सिटी या जागी ग्रीनब्रायर बॉईज या गटाचे कार्यक्रम होते आणि त्यांच्या आधी गायला एक वीस वर्षांचा, फारसा कुणाला माहीत नसलेला मुलगा बसायचा. रॉबर्ट शेल्टन या समीक्षकाने 29 सप्टेंबरच्या न्यू यॉर्क टाइम्समध्ये त्या आधी गाणाऱ्या मुलावरच भरभरून लिहिलं. तो मुलगा म्हणजे पुढे जगभर गाजलेला सिंगर-साँगरायटर बॉब डिलन. पुढच्या महिनाभरात त्याचा कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला.

दर वेळी असं काही घडणार नाही, हे उघड आहे. पण पहिल्या कलाकाराची कामगिरी फार अवघड असते. लोक अजून येत असतात, खुर्च्या सरकत असतात, आणि समोरचे बहुतेक जण दुसऱ्याच कुणासाठी आलेले असतात. अशा वेळी पुढच्या रांगेत चार माणसं जरी मन लावून ऐकत असली, तरी त्याचं गाणं सावरतं. त्या चारांत तुम्ही असा.

किती वाजता पोचायचं?

तिकिटावर बहुधा दोन वेळा असतात: दार उघडण्याची आणि कार्यक्रम सुरू होण्याची. खुर्च्यांना क्रमांक नसतील तर पहिली वेळ पाळा. उशीर झालाच तर दारापाशी थांबा आणि गाणं संपल्यावर टाळ्यांच्या आवाजात आत शिरा.

कुठे बसलं म्हणजे चांगलं ऐकू येतं?

सगळ्यात पुढची रांग सगळ्यात चांगली, असा समज आहे. तो डोळ्यांपुरता खरा आहे. स्पीकर सहसा मंचाच्या दोन्ही बाजूंना असतात आणि त्यांचं तोंड खोलीच्या मध्याकडे असतं. पहिल्या रांगेत अगदी मधोमध बसलात तर त्या स्पीकरांचा आवाज तुमच्या दोन्ही बाजूंनी निघून जातो. तुम्हाला मुख्यतः ऐकू येते ती मंचावरची मूळ गिटार आणि गायकाला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून त्याच्या पायाशी ठेवलेला मॉनिटर स्पीकर. कधी शब्द पुसट होतात, कधी गिटार गळ्यावर चढते.

समतोल आवाज हवा असेल तर साउंड इंजिनिअरचा मिक्सर, म्हणजे आवाज जुळवायच्या बटणांचं टेबल, कुठे आहे ते पाहा आणि त्याच्या जवळपास, त्याच्या पुढच्या बाजूला बसा. तो माणूस स्वतःच्या कानांवर विसंबूनच आवाज बसवत असतो, तेव्हा त्याच्या जागी जे ऐकू येतं ते त्याने नीट केलेलं असतं. भिंतीला किंवा कोपऱ्याला टेकून बसणं टाळा, तिथे खर्जाचे स्वर फुगतात.

तरीही मी स्वतः दुसऱ्या रांगेत, थोडं बाजूला बसतो. तिथून डाव्या हाताची बोटं दिसतात आणि ओळ सुरू होण्याआधीचा श्वास ऐकू येतो. त्यासाठी आवाजाचा थोडा समतोल सोडायला माझी तयारी असते.

आणखी एक गंमत. माणसांची अंगं आणि कपडे आवाज शोषतात. रिकाम्या खोलीत साउंडचेकच्या, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासण्याच्या वेळी घुमणारी गिटार, खोली भरल्यावर कोरडी आणि स्पष्ट होते. म्हणून पहिल्या गाण्यात आवाज जरा विचित्र वाटला तर लगेच जागा बदलू नका. इंजिनिअर दुसऱ्या गाण्यापर्यंत तो जागेवर आणतो.

कानांना त्रास होईल इतका मोठा आवाज असतो का?

एकट्या गिटारच्या मैफलीत क्वचितच. सोबत ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार असतील तर मात्र छोट्या खोलीत आवाज पटकन चढतो, कारण त्याला पसरायला जागाच नसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या जागांसाठी जे मानक दिलं, त्यात 15 मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. कामाच्या ठिकाणांसाठी वापरला जाणारा एक हिशेब असा: 85 डेसिबल आठ तास, आणि पुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं. शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागत असेल तर आवाज जास्त आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. संगीतासाठी बनवलेले इअरप्लग सगळे स्वर साधारण सारखेच कमी करतात, त्यामुळे गाणं दबून गेल्यासारखं वाटत नाही. मी खिशात नेहमी एक जोडी ठेवतो.

रेकॉर्डिंगमधलं गाणं आणि समोरचं गाणं इतकं वेगळं का?

स्टुडिओत एका गाण्यावर दहा वाद्यं चढलेली असतात, गळ्याचे दोन-तीन थर असतात, आणि सगळ्यात चांगली ओळ निवडून जोडलेली असते. मंचावर ते सगळं उतरवून ठेवलेलं असतं. उरतात शब्द, चाल आणि सहा तारा. कच्चं गाणं इथे उघडं पडतं आणि पक्कं गाणं उजळतं. रेकॉर्डवर मला कधी फारशी न आवडलेली गाणी अशा खोलीत ऐकून मनात कायमची बसली आहेत. उलटही झालं आहे.

शिवाय गाणं रोज तेच राहत नाही. एकाच कलाकाराला मी एकदा लागोपाठ दोन रात्री ऐकलं. पहिल्या रात्री जे गाणं टिपेला जाऊन भिडलं, तेच दुसऱ्या रात्री संथ आणि खालच्या सुरात आलं. गिटारच्या दांड्यावर तारा दाबून धरणारा चिमटा असतो, त्याला कॅपो म्हणतात. दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. कॅपो चौथ्या फ्रेटवरून दुसऱ्या फ्रेटवर आला होता, म्हणजे गाणं पूर्ण एका स्वराने उतरलं होतं. नंतर मी त्याला विचारलं. घसा धरला होता, म्हणून कॅपो उतरवला, आणि खाली आल्यावर घाईने गावंसंच वाटलं नाही, असं तो म्हणाला. त्या गाण्यातली समजूत घालण्याची छटा मला दुसऱ्याच रात्री ऐकू आली.

दोन गाण्यांच्या मधे तारा जुळवण्यात एवढा वेळ का जातो?

हा प्रश्न फार जण विचारतात, आणि त्यात थोडी नाराजी असते. कारणं खरी आहेत. लाकूड आणि तारा खोलीतल्या हवेवर चालतात. मंचावरच्या दिव्यांनी स्टीलच्या तारा तापतात, किंचित लांबतात आणि सूर उतरतो. खोली भरली की हवेतला दमटपणा वाढतो, लाकूड फुगतं आणि सूर दुसरीकडे सरकतो. नव्या तारा ताणल्या जात राहतात. कॅपो लावला की तारांवर जादा ताण येऊन सूर चढतो.

दुसरं कारण अधिक रंजक आहे. गिटारच्या सहा तारा खालच्या सुराकडून वरच्या सुराकडे नेहमी ई, ए, डी, जी, बी, ई या पाश्चात्त्य स्वरांत जुळवतात. पण गाणी लिहिणारे अनेक कलाकार ही मांडणी मोडतात. इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहम या गिटारवादकाने साठच्या दशकात डी, ए, डी, जी, ए, डी ही जुळणी लोकप्रिय केली. कॅनडाची सिंगर-साँगरायटर जोनी मिचेल हिला लहानपणी पोलिओ झाला होता आणि त्याने तिचा डावा हात कमजोर झाला. नेहमीच्या जुळणीतले बोटांचे काही आकार त्या हाताला जड जात, म्हणून तिने ताराच वेगळ्या जुळवल्या, आणि त्यातून असे स्वरसमूह (कॉर्ड) निघाले जे दुसऱ्या कुणाच्या गिटारमधून ऐकू येत नव्हते. म्हणजे मंचावर कलाकार खुंट्या पिळत असतो तेव्हा तो पुढच्या गाण्याचं घर बांधत असतो. ज्यांच्याकडे दोन-तीन गिटारी असतात ते गिटार बदलतात. एकटा प्रवास करणाऱ्याला ते जमत नाही.

त्या मिनिटाभरात हळू बोलायला हरकत नाही. पण खुंटीवरचा हात थांबला की आपणही थांबावं.

कलाकार गाण्यांच्या मधे एवढं का बोलतो?

कारण तो तारा जुळवतो आहे, हे एक. पण चांगल्या कलाकाराचं बोलणं हा मैफलीचाच भाग असतो. गाणं कुठल्या खोलीत सुचलं, दुसरं कडवं किती महिने अडलं होतं, कुठला शब्द बदलला आणि का, हे सगळं ऐकल्यावर त्याच गाण्यात निराळ्या खिडक्या उघडतात. काही जण मुळीच बोलत नाहीत आणि तेही चांगलं असतं. मला खटकतं ते फक्त गाण्याचा अर्थ आधीच फोडून सांगणं. तसं फार कमी जण करतात.

खरंच एवढं गप्प बसायला हवं का?

हो. याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे.

ब्लूबर्ड कॅफेत गाणं चालू असताना बोलणाऱ्याला सरळ ‘शू’ केलं जातं, आणि तो तिथला नियमच मानला जातो. यात गर्व किंवा कडकपणा काही नाही, आवाजाचा साधा हिशेब आहे. साधं बोलणं मीटरभरावरून साधारण 60 डेसिबल भरतं. हलक्या हाताने वाजवलेली गिटार आणि जवळजवळ कुजबुजत गायलेली ओळ याच पातळीवर येते. म्हणजे शेजारी बसून तुम्ही साध्या आवाजात एक वाक्य बोललात, तर त्या वाक्याने गाण्यातली एक ओळ आसपासच्या दहा जणांसाठी पुसून टाकली.

गाणाऱ्यालाही ते ऐकू येतं. मंचावरचे बहुतेक माइक समोरून जास्त आणि मागून कमी आवाज घेतात, पण माणसाचे कान तसे नसतात. तिसऱ्या टेबलावरची कुजबुज त्याला नीट कळते. मग तो काय करतो? आवाज वाढवतो, लय किंचित पुढे ढकलतो, थांबायच्या जागी थांबत नाही. गाणं सुरेल राहतं, पण त्यातला धीर जातो. उलट खोली खरोखर शांत असेल तर तो आणखी खाली येतो, एखादा स्वर जवळजवळ श्वासाइतका ठेवतो, कारण तो पोचणार आहे याची त्याला खात्री असते. छोट्या जागेत श्रोत्यांची शांतता अशी सरळ गाण्यात मिसळते. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की माझ्यासाठी हीच या मैफलींची मुख्य गोष्ट आहे.

एका जागी अगदी हळुवार गाण्याच्या शेवटच्या ओळीवर कॉफीचं यंत्र घरघरलं. गायिकेने डोळे मिटून तो आवाज संपेपर्यंत एकच स्वरसमूह छेडत ठेवला आणि मग ओळ म्हटली. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्या जागेने गाणं चालू असताना यंत्र लावणं बंद केलं होतं. कुणी तक्रार केली नव्हती. काउंटरमागच्या मुलाला स्वतःलाच ते बोचलं होतं.

खोकला आला तर?

खोकावं. माणसाच्या शरीराचे आवाज कुणालाच खटकत नाहीत. शक्य असेल तर तोंडावर रुमाल धरा आणि ढास थांबत नसेल तर बाहेर जाऊन या.

टाळ्या कधी वाजवायच्या? सोबत गायलं तर चालतं का?

शेवटची तार विरेपर्यंत थांबा. कलाकार हात तारांवर ठेवून आवाज थांबवतो किंवा मान वर करतो, ती खूण. गाणं संपल्यावर दोन-तीन सेकंद कुणीच हलत नाही अशी वेळ कधी कधी येते. ती दाद टाळ्यांपेक्षा मोठी असते, ती मोडण्याची घाई नको.

सोबत गाणं कलाकारावर सोडा. त्याला हवं असतं तेव्हा तो ध्रुवपदाच्या आधी सांगतो किंवा माइकपासून मागे सरकतो. तेव्हा मोकळ्या गळ्याने गा. एरवी ओठ हलवण्यापुरतं ठीक. ठेका धरायचा तर पायाने, अगदी अलगद. टाळ्यांचा ठेका एकट्या गिटारवाल्याला बहुधा ओढत नेतो, कारण खोलीभर माणसं लय हळूहळू वाढवत जातात.

आवडत्या गाण्याची फर्माईश करावी का?

कलाकाराने विचारलं तर जरूर. न विचारता ओरडून सांगू नका. गाण्यांचा क्रम विचार करून लावलेला असतो: कुठल्या गाण्यानंतर तारांची जुळणी बदलायची, कुठे गळ्याला विसावा द्यायचा, कुठे मन हलकं करायचं. शिवाय काही गाणी कलाकाराने कायमची बाजूला ठेवलेली असतात. गाणं ज्या माणसावर लिहिलं तो माणूस आयुष्यातून गेलेला असू शकतो. सुरुवातीच्या आधी किंवा मध्यंतरात तो सहज भेटला तर हळूच सांगावं, आणि नाही गायला तर मनात ठेवू नये.

फोनवर रेकॉर्ड करू का?

आधी त्या जागेचा नियम बघा. परवानगी असली तरी माझा सल्ला: सुरुवातीला एखादा फोटो, फ्लॅश बंद, पडद्याचा उजेड कमी, आणि मग फोन खिशात. अंधाऱ्या खोलीत एक पेटलेला पडदा मागच्या चार रांगांचे डोळे ओढून घेतो.

एक बाब मात्र काटेकोरपणे पाळायला हवी. कलाकार ‘हे गाणं नवीन आहे’ असं म्हणाला, तर ते रेकॉर्ड करून कुठेही टाकू नका. बरेच जण अर्धवट गाणी मुद्दाम छोट्या जागेत गाऊन बघतात. कुठली ओळ पोचते आणि कुठे लोक चुळबुळतात हे पाहून घरी जाऊन शब्द बदलतात. कच्चा खर्डा जगभर फिरू लागला की ती मुभा जाते. पुढच्या वेळी तो नवीन गाणं गातच नाही.

कलाकार शब्द विसरला किंवा मधेच थांबला तर?

थांबा, त्याच्याकडे प्रेमाने बघा, बस. तो बहुधा हसून पुन्हा सुरू करतो, आणि त्यानंतरचं गाणं अनेकदा आधीपेक्षा मोकळं होतं.

1967 मध्ये न्यू यॉर्कच्या टाउन हॉलमध्ये लेनर्ड कोहेन हा कवी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या श्रोत्यांपुढे स्वतःचं गाणं गायला उभा राहिला. गिटार बेसूर झाली होती आणि धीर सुटला. गाणं अर्ध्यावर टाकून तो मंचामागे निघून गेला. गायिका जूडी कॉलिन्सने त्याला परत आणलं, श्रोत्यांनी टाळ्या वाजवून बोलावलं आणि त्याने गाणं पुरं केलं. तेव्हा तो तिशीत होता आणि त्याची पुस्तकं आधीच प्रसिद्ध झाली होती. स्वतःचे शब्द स्वतः उभं राहून गाणं किती उघडं पाडणारं असतं, याची यावरून कल्पना येईल. श्रोत्यांच्या टाळ्या तिथे खरोखर कामी आल्या.

एकट्याने गेलं तर विचित्र वाटेल का?

नाही. अशा मैफलीत एकटे आलेले पुष्कळ असतात. मी तर एकट्यानेच जाणं पसंत करतो, मग शेजारच्याला कसं वाटतंय याची काळजी राहत नाही.

रडू आलं तर?

येऊ द्या. खोलीत अंधार असतो, आणि गाणं त्यासाठीच लिहिलेलं असू शकतं.

लहान मुलांना नेता येतं का?

जागेचा वयाचा नियम आधी विचारा. परवानगी असेल तर दाराजवळची जागा घ्या आणि मूल कंटाळलं की लगेच बाहेर पडा. वाद्यवृंद सोबत असेल तर मुलांसाठीचे कान झाकणारे इअरमफ न्या. सात-आठ वर्षांची मुलं अशा जागी कधी कधी मोठ्यांपेक्षा स्थिर बसतात, कारण त्यांना बोटं आणि तारा इतक्या जवळून दिसतात.

चाकाच्या खुर्चीवरून यायचं असेल किंवा फार वेळ उभं राहता येत नसेल तर?

तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा. अनेक छोट्या जागा तळघरात किंवा वरच्या मजल्यावर असतात आणि लिफ्ट नसते. ‘आसनव्यवस्था आहे’ याचा अर्थ कधी कधी फक्त दहा खुर्च्या असा निघतो. पायऱ्या किती, स्वच्छतागृह कुठे, खुर्ची राखून ठेवता येईल का, हे नेमके प्रश्न विचारा. छोट्या जागेचा फायदा असा की फोन बहुधा तिथे प्रत्यक्ष काम करणारा माणूसच उचलतो आणि त्याच्या हातात असेल ते करतो.

शेवटच्या गाण्यानंतर कलाकार पुन्हा येतो, ते आधीच ठरलेलं असतं का?

बहुतेकदा हो. त्याच्या कागदावर शेवटच्या रेघेखाली आणखी दोन गाणी लिहिलेली असतात. पण छोट्या जागेत मंचामागे जायला वाटच नसते, म्हणून बरेच जण ‘मी गेलो आणि परत आलो असं समजा’ म्हणून सरळ पुढचं गाणं सुरू करतात. काही जण या वेळी माइक सोडून, गिटारला जोडलेली वायर काढून, श्रोत्यांच्या मधे उभे राहून गातात. तसं झालं तर पुढे झुका आणि ऐका. संपूर्ण रात्रीत गळा आणि लाकूड यांचा मूळ आवाज तेवढाच एकदा मिळतो.

नंतर कलाकाराशी बोलावं का? काय बोलायचं?

सीडी किंवा एलपी मांडलेल्या टेबलाशी तो स्वतः उभा असेल, तर बोलण्यासाठीच उभा आहे. थोडक्यात बोला आणि नेमकं बोला. ‘छान झालं’ हे तो रात्रभर ऐकतो. ‘तिसऱ्या गाण्यात खिडकीची ओळ दुसऱ्यांदा आली तेव्हा तुम्ही गिटार थांबवलीत, ते फार आवडलं’ असं कुणी म्हटलं की त्याचा चेहरा बदलतो. ही ओळ त्याने कदाचित महिनाभर घासलेली असते. गाणं नक्की कुणावर आहे हे विचारू नका. तुमची स्वतःची गाणी ऐकवायची ही वेळ नव्हे. मागे रांग असेल तर दोन मिनिटांत बाजूला व्हा.

सीडी वाजवायला माझ्याकडे यंत्रच नाही, तरी विकत घेऊ का?

घ्या. स्ट्रीमिंगवर एकदा गाणं ऐकलं की कलाकाराच्या वाट्याला फारच किरकोळ रक्कम येते. टेबलावर विकलेली एक सीडी किंवा शब्दांची छोटी पुस्तिका त्या हजारो वेळच्या ऐकण्याच्या तोडीची असते, आणि एकट्याने फिरणाऱ्या कलाकाराचं पुढच्या गावापर्यंतचं भाडं बऱ्याचदा याच टेबलावर सुटतं. काही जागा या विक्रीतही हिस्सा घेतात, काही घेत नाहीत. सीडी नको असेल तर ज्या संकेतस्थळावरून कलाकाराला थेट पैसे पोचतात तिथून अल्बम उतरवून घ्या आणि त्याच्या ईमेल यादीत नाव नोंदवा. पुढच्या वेळी तो तुमच्या भागात येईल तेव्हा पन्नास खुर्च्या भरतील की नाही, हे तो त्या यादीवरूनच ठरवतो.

मंचावर पडलेला गाण्यांच्या क्रमाचा कागद उचलून नेला तर चालेल का?

विचारून. तो कागद कधी कधी पुढच्या रात्रीसाठी लागतो, किंवा कुठली गाणी गायली याची नोंद हक्काच्या मानधनासाठी पाठवायची असते. वायर गुंडाळणाऱ्या साउंड इंजिनिअरला विचारा, तो बहुधा हसून देतो. त्याला जाता जाता आवाज चांगला होता एवढं सांगा. त्याला ते सांगायला सहसा कुणी थांबत नाही.